लॅपटॉप हरवला, तर पहिला फोन कुणाला?

रविवारी आमच्या अकलोलीला पाहुण्यांची गर्दी असते. तानसा नदीच्या काठाला गरम पाण्याची कुंडं, शेजारी महादेवाचं देऊळ. वज्रेश्वरीचं दर्शन झालं की माणसं इकडे वळतात. मुंबई, वसई, कल्याण, कुठून कुठून येतात. परवाच्या रविवारी मी सासूबाईंना घेऊन कुंडावर गेले होते. त्यांचे गुडघे धरलेत आणि डॉक्टरच्या गोळ्यांपेक्षा कुंडाच्या पाण्यावर त्यांचा विश्वास जास्त.

पायरीवर एक पंचविशीची मुलगी बसली होती. बरोबरच्या मैत्रिणी पाण्यात पाय सोडून हसत-खिदळत होत्या आणि ही एकटी मांडीवर काळी बॅग घट्ट धरून. मी विचारलं, "तू नाही का गं जात?" तर म्हणाली, "मावशी, आत लॅपटॉप आहे ऑफिसचा. गाडीत ठेवायची भीती वाटते. इथे पायरीवर ठेवला तर पाणी उडेल."

"दे इकडे. मी बसलेय."

तिने माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि बहुधा सासूबाईंच्या नऊवारीवर भरवसा ठेवून बॅग माझ्याकडे दिली. अर्धा तास ती बॅग मांडीवर घेऊन बसले होते आणि मला सारखा २०१८ चा जुलै आठवत होता.

मी बीकॉम. लग्नानंतर भिवंडीत यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहायचं काम धरलं. आधी वह्या होत्या, मग एका गाळ्यातला जुना कॉम्प्युटर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि माझ्यासारख्या बायकांच्या खांद्याला लॅपटॉप लागला. सात-आठ जणांची खाती, कुणाचा माग शांतीनगरात, कुणाचा आणखी कुठे. प्रत्येकाकडे जाऊन बिलं बघायची, टॅलीत भरायची. महिन्याची ११ आणि २० या दोन तारखा डोक्यावर बसलेल्या. लूमच्या गाळ्यात तासभर बसलं की काळ्या की-बोर्डवर रुईचा पांढरा थर जमतो. माझ्या लॅपटॉपचा पंखा त्या रुईनेच दोनदा तुंबला, हे जाता जाता.

तर, १७ जुलै. धो धो पाऊस, संध्याकाळची एसटी, पाय ठेवायला जागा नाही. एसटीत आपल्याकडे एक छान रीत आहे. उभ्या असलेल्या बाईची पिशवी बसलेली बाई मांडीवर घेते. ओळखपाळख लागत नाही. "द्या ताई, मी धरते," एवढंच. त्या दिवशीही एक बाई म्हणाल्या. मी मात्र म्हटलं, "नको, राहू दे." इतकी महागाची वस्तू अनोळखी बाईच्या मांडीवर कशी द्यायची? मी ती वरच्या फळीवर ठेवली, नजरेसमोर.

अंबाडीला निम्मी गाडी उतरली. मला बसायला जागा मिळाली आणि पाच मिनिटांत डोळा लागला. अकलोली आल्यावर घाईघाईत वरची काळी बॅग ओढली आणि उतरले. घरी येऊन चेन उघडली तर आत एक रिकामा डबा, जुना टॉवेल आणि वायरची गुंडाळी. बॅग माझी नव्हतीच. कुणी मुद्दाम अदलाबदल केली की माझ्यासारखाच कुणी झोपेत उतरला, ते आजही मला ठाऊक नाही. माझी बॅग काही परत आली नाही.

यापुढचा भाग सांगायला मला आजही जड जातं. मी चार दिवस कुणालाच सांगितलं नाही. घरी नाही, पोलिसांत नाही, आणि ज्यांचे हिशेब त्यात होते त्यांनाही नाही. सगळ्यांना एकच थाप मारली, "लॅपटॉप बंद पडलाय, रिपेरीला टाकलाय."

का? तर घरी काय ऐकायला मिळणार, ते मला पाठ होतं. चार दिवसांनी ते ऐकायला मिळालंच. "लोकांच्या वस्तू वागवायच्या, एसटीत धक्के खायचे, सांगितलंय कुणी? पुरे झालं आता." हे सासूबाई. आमचे हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी भिवंडीला जाताना "आज जायलाच हवं का?" असं विचारून गेले. आता गंमत बघा. २०१२ मध्ये यांची मोटारसायकल भर दिवसा बाजारातून चोरीला गेली. तेव्हा घरात हळहळ झाली, चोराला शिव्या झाल्या आणि महिन्याभरात हप्त्यावर नवी गाडी दारात आली. "पुरे झालं आता, घरी बस," असं यांना कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्या चार दिवसांत काय काय होऊ शकलं असतं, ते मला नंतर कळलं. ब्राउझरमध्ये माझा ईमेल उघडाच होता, पासवर्ड साठवलेले होते. दुकानदारांचे पॅन, बँकेचे तपशील, माग चालवणाऱ्या कामगारांच्या आधार कार्डांच्या प्रती, सगळं एका फोल्डरमध्ये. फोनवरून पासवर्ड बदलायला मला दहा मिनिटं लागली असती. मी मात्र ती दहा मिनिटं सोडून चार रात्री उशीत तोंड खुपसून काढल्या. पुढे कुणाचं काही गैर झालं असं कानावर आलं नाही, पण त्यात माझी काही हुशारी नव्हती. जुना बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा. विवरणपत्रं उशिरा गेली, प्रत्येक खात्यामागे दिवसाला ५० रुपये उशिराचा भुर्दंड, तो मी माझ्या पदरचा भरला.

सगळ्यात वयस्कर शेठ, ज्यांना मी चाचा म्हणते, त्यांच्याकडे खालमानेने गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "नुकसान का क्या है बेटी, होता है. पहले दिन क्यों नहीं बोली?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, आणि म्हणूनच हे लिहितेय. प्रवासात लॅपटॉप कसा सांभाळावा याच्या सूचना आपण पुष्कळ वाचतो. त्या चुकीच्या नसतात, मीही पुढे चार सांगणार आहे. पण मैत्रिणींनो, लॅपटॉप हरवल्यापेक्षा तो हरवल्याचं लपवल्याने जास्त नुकसान होतं. आणि बाई लपवते, कारण वस्तूबरोबर तिचं बाहेर पडणंही जाईल अशी तिला भीती असते. "जपून जा" हे म्हणायला आपल्या घरांत कुणी विसरत नाही. "हरवलं तर आधी मला फोन कर, मी ओरडणार नाही," असं किती घरांत म्हणतात?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या मुलीच्या बाबतीत हेच झालं. भिवंडीच्या आसपास आता गोदामांचंच राज्य आहे. मानकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, जिकडे बघाल तिकडे पत्र्याच्या उंच शेड आणि कंटेनर. तिथल्या ऑफिसांत आपल्या गावांतल्या कितीतरी मुली काम करतात. ही त्यातली एक. ऑफिसच्या कामाने मुंबईला गेली होती, परतताना लोकलच्या गर्दीत खांद्यावरच्या सॅकची चेन कुणीतरी उघडली. ठाणे स्टेशनातून मला फोन. हुंदके देत पहिलं वाक्य काय, तर "काकू, पप्पांना सांगू नका." चोरी होऊन दोन तास झाले होते. दोन तास ती बाकड्यावर बसून होती.

मी म्हटलं, "पप्पांचं नंतर बघू. आधी ऑफिसला फोन लाव." लावला. तिथल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाने तिचं खातं तिथल्या तिथे बंद केलं आणि म्हणाला, लॅपटॉप पुन्हा नेटला जोडला की तोही लॉक होईल. कंपनीच्या लॅपटॉपवर बहुतेक वेळा अशी सोय असते आणि ती जितक्या लवकर वापरली जाईल तितकी उपयोगाची. मग रेल्वे पोलिसांकडे. माझ्या वेळी "गाडी कुठे होती तेव्हा गेली? मग त्या हद्दीत जा," असं ऐकून मी एका ठिकाणाहून दुसरीकडे गेले होते, आणि तिथे लॅपटॉपचं बिल आणि सिरीयल नंबर विचारल्यावर गप्प उभी राहिले होते. १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यायची, असं स्पष्टच लिहिलंय. त्याला झीरो एफआयआर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, काउंटरवर कामाला येतो. रेल्वेत मदतीसाठी १३९, एरवी ११२, आणि खात्यातून पैसे गेले किंवा ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०.

आता तिचे पप्पा. संध्याकाळी ते म्हणालेच, "नोकरी सोड." मी त्यांच्या घरी जाऊन बसले. माझं २०१८ चं सगळं सांगितलं, आमच्या यांची मोटारसायकलही सांगितली. ते ऐकून घेत होते, मान हलवत नव्हते. शेवटी तोडगा निघाला तो असा, की मुलगी कामावर जाईल, पण भाऊ तिला अंबाडीपर्यंत सोडायला-आणायला येईल. भाऊ बिचारा बारावीत आहे, त्याच्या क्लासची वेळ तीच. मला हा तोडगा पटलेला नाही, पण ती कामावर जातेय.

आणि एक सांगू? चोरीचे लॅपटॉप शेवटी विकत घेतं कोण? "बिल नाही, पण निम्म्या किमतीत देतो," असं कुणी म्हटलं की मुलाच्या अभ्यासाला बरा म्हणून आपणच घेतो. चोरीचा आहे हे ठाऊक असताना किंवा तसं वाटायला कारण असताना कॉम्प्युटर घेणं, ठेवून घेणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ब खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या कुणाच्या मुलीच्या चार रात्री त्या निम्म्या किमतीत असतात.

आता माझी आजची पद्धत. फळीवर बॅग ठेवत नाही, कधीच नाही. बसायला मिळालं तर पायांच्या मध्ये, पट्टा घोट्याला एक वेढा देऊन. उभी असेन तर सरळ समोरच्या बाईला विचारते, "ताई, धरता का?" १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीत बायकाही भरपूर असतात. मांडीवर बॅग घेतलेल्या बाईसमोर मी उभी असते, दोघींचं लक्ष असतं. लॅपटॉपची म्हणून मिळणारी ती चपटी, कंपनीचं नाव छापलेली बॅग मी कपाटात टाकली. साधी कापडी सॅक, आत मऊ कव्हर. पावसाळ्यात आणखी एक आवरण, साखरेच्या गोणीच्या आत असते ती जाड प्लास्टिकची पिशवी. सॅकचं रेनकव्हर फक्त वरून वाचवतं, पाठीवरून झिरपणारं पाणी त्याला थांबत नाही.

भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे काही मी तुम्हाला सांगायला नकोत. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क असते. ती चालू असताना दणका बसला तर तिच्यावर ओरखडा पडू शकतो आणि आतली माहिती जाते. झाकण लावलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही. निघण्यापूर्वी पूर्ण बंद, म्हणजे शटडाऊन करायचा. नव्या लॅपटॉपच्या एसएसडीला दणक्याचा इतका त्रास नाही, पण झाकण लावून तसाच कोंबला आणि तो बॅगेत जागा झाला, तर वारा नसल्याने चांगलाच तापतो. त्यामुळे त्यालाही शटडाऊनच बरा.

स्वतःची गाडी असणाऱ्यांचा वेगळाच प्रकार. कुंडावर येणारे पाहुणे इथे पोचल्यावर, सगळ्यांच्या देखत, मागच्या सीटवरची बॅग उचलून डिकीत ठेवतात. बघणाऱ्याला आयतंच कळतं. डिकीत ठेवायचा तो घरून निघतानाच. आणि हायवेवर कुणी काचेवर टकटक करून "तेल गळतंय," किंवा "तुमच्या नोटा पडल्यात," असं सांगितलं, तर उतरण्याआधी चारही दारांना लॉक आहे का ते बघायचं. ठकठक गँग असं नावच पडलंय या लोकांना. एक जण बोलण्यात गुंतवतो, दुसरा पलीकडच्या दाराने बॅग उचलतो.

रेल्वेच्या लांबच्या प्रवासात "तिकीट काढलंय, रेल्वे भरून देईल," या भ्रमात राहू नका. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १०० असं सांगतं, की आपण आपल्याजवळ ठेवलेलं सामान गेलं, तर रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय ती जबाबदार नाही. खालच्या बर्थखाली साखळी अडकवायला कड्या असतात, त्या मोठ्या बॅगेसाठी. लॅपटॉप उशाशीच. विमानाचं फारसं सांगत नाही, मी दोनदाच बसलेय, बेंगळुरूला नणंदेकडे जाताना. तपासणीच्या ट्रेमध्ये एकसारखे दहा काळे लॅपटॉप येतात, म्हणून माझ्यावर मी लाल रिबीनीचा तुकडा चिकटवला होता. नणंद हसली. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात चालत नाही.

हे झालं यंत्राचं. आतल्या गोष्टींसाठी मी तीन सवयी लावून घेतल्या, त्याही त्या शेजारच्या मुलीने शिकवल्या. लॅपटॉप सुरू करतानाचा पासवर्ड म्हणजे नुसती दाराची कडी आहे. चोराने आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळं दिसतं. त्यासाठी एन्क्रिप्शन चालू करावं लागतं. विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर या नावाने ते असतं. दुकानात लॅपटॉप घेताना चालू करून मागा, आणि त्याची जी लांबलचक किल्ली मिळते ती कागदावर लिहून घरात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको. दुसरं, शुक्रवारी संध्याकाळी मी सगळ्या खात्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेते आणि ती डिस्क तांदळाच्या डब्याशेजारी कपाटात. ती प्रवास करत नाही. तिसरं, डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं टोकन. २०१८ मध्ये ते नशिबाने माझ्या पर्समध्ये होतं. सही करायचं यंत्र आणि सही एकाच बॅगेत कशाला? ते गेलंच, तर ज्यांनी सही दिली त्यांच्याकडे अर्ज करून ती रद्द करता येते, पण त्यासाठीही वेळेवर सांगायला हवं.

लॅपटॉप उलटा करून खालच्या लेबलचा आणि बिलाचा फोटो काढा, नवऱ्याच्या किंवा बहिणीच्या फोनवर पाठवून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. आज रात्रीच करा.

कुंडावरची ती मुलगी अर्ध्या तासाने ओल्या पायांनी आली. बॅग घेतली, नकळत चेन उघडून आत पाहिलं आणि ओशाळून "सॉरी मावशी" म्हणाली. मी म्हटलं, "बघायलाच हवं. मी २०१८ मध्ये उतरताना बघितलं नव्हतं." तिला सगळी हकिकत सांगितली. मग विचारलं, "हा आत्ता हरवला असता, तर पहिला फोन कुणाला केला असतास?"

"मैत्रिणीला," ती म्हणाली. जरा वेळाने, "नाही, ऑफिसला. आमच्याकडे त्यासाठी वेगळा नंबर आहे."

"आणि घरी?"

"घरी नको, मावशी." हसली, पण ते काही खरं हसू नव्हतं.

मी म्हटलं, "बरं, तो ऑफिसचा नंबर फोनमध्ये आहे ना?" तिने फोन काढला, वर-खाली शोधलं, पुन्हा शोधलं. नंबर फोनमध्ये नव्हता. तो लॅपटॉपमध्ये होता. तिथेच पायरीवर बसून तिने लॅपटॉप उघडला, आणि सासूबाईंनी त्यांच्या चंचीतून देवळातल्या पावतीचा कागद आणि पेन्सिलीचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला.